सिग्नलला काटा चढतो, पंखा फिरत नाही आणि हीटर थंड: बिघाड एक की दोन?

पहाटपाळी
गाडी पेट्रोल, १.२ लिटर, १४ वर्षं जुनी, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेत. बाबांची गाडी, आता मी चालवते. माझी पाळी पहाटे ५ ला सुरू होते. निघताना समोरची काच आतून पूर्ण धुरकटलेली असते आणि हीटर चालला नाही तर एका हाताने काच पुसत गाडी हाकावी लागते. म्हणून हे लवकर सुटायला हवंय.

काय होतं ते सांगते. गाडी सुरू करून १० मिनिटं झाली, तापमानाचा काटा मध्यावर आला, की हीटर लावते. गाडी पळत असेल तोवर हवा कोमट येते. सिग्नलला थांबले की अर्ध्या मिनिटात थंडगार. जागेवरच रेस देऊन आरपीएम २०००च्या वर नेले की पुन्हा कोमट.

दुपारी परतताना गर्दीत अडकले की काटा मध्यावरून वर चढायला लागतो. दोनदा लाल पट्टीच्या अगदी जवळ गेला. बॉनेट उघडून पाहिलं तर पंखा उभा. पण एसी लावला की तोच पंखा लगेच फिरतो. मोकळा रस्ता लागला की काटा आपोआप खाली येतो.

महिन्याभरापूर्वी एका गॅरेजात थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) बदलून घेतला. कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, बाटलीतली पातळी मी रोज बघते, बरोबर मॅक्सच्या रेघेवर आहे, जराही हललेली नाही. गॅरेजवाले आता म्हणतात हीटर कोर (डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर, ज्यातल्या गरम पाण्याने हवा तापते) तुंबलाय, अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागेल, आणि पंख्याची मोटरही बदलून टाका. डॅशबोर्ड खोलू देण्याआधी मला नीट कळायला हवंय. हे दोन वेगळे बिघाड आहेत का?

वायरमन
मोटर बदलू नका. एसीवर फिरतो म्हणजे मोटर आणि तिचं अर्थिंग दोन्ही चांगलं आहे. फक्त एक खात्री करा, पंखा एकच आहे ना? काही गाड्यांत एसीच्या कंडेन्सरला वेगळा पंखा असतो आणि माणूस तो फिरताना बघून फसतो.

एकच असेल तर रेडिएटरच्या बाजूच्या टाकीत बसवलेला, दोन वायरींचा स्विच शोधा. इंजिन थंड आणि बंद, चावी ऑन. स्विचचा कनेक्टर काढा आणि कनेक्टरच्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडा. पंखा फिरला तर फ्यूज, रिले (पंख्याला वीज जोडणारा स्विच), वायरिंग सगळं ठीक. इंजिनवर बसवलेला, ईसीयूकडे (इंजिनच्या कंप्यूटरकडे) जाणारा टेम्परेचर सेन्सर वेगळा असतो, त्याच्या वायरींना हात लावू नका. आणि ओढणी, केस, बाही पंख्यापासून लांब. असा पंखा सांगून सुरू होत नाही.

पहाटपाळी
पंखा एकच आहे. स्विच सापडला, वरचा जाड होज रेडिएटरला जिथे मिळतो त्याच्या थोडा खाली. दोन वायरी. वायर जोडली आणि पंखा जोरात फिरला.

वायरमन
मग स्विच गेला. त्याच्या अंगावर ९२-८७ असं काहीतरी कोरलेलं असेल, म्हणजे ९२ अंशांना चालू, ८७ला बंद. तसाच आणा, बदला, काम झालं.

जुना पाना
ताई, स्विच आणायला निघण्याआधी हे वाचा.

तुमचा सगळा मजकूर मी दोनदा वाचला. वायरमनने केलेली चाचणी बरोबर आहे, पण तिने एवढंच कळलं की स्विचच्या पुढचं सगळं धड आहे. स्विचच मेलाय, का त्याच्यापर्यंत गरम पाणीच पोहोचत नाही, हे अजून कळलेलं नाही.

मला सगळ्यात जास्त सांगून गेलं ते तुमचं एक वाक्य: रेस दिली की हीटर कोमट, आयडलिंगला (उभ्या गाडीत, रेस न देता) थंड. तुंबलेला हीटर कोर सहसा असा वागत नाही. तो तुंबला की बहुधा सदाच कमी तापतो, रेस देऊन फारसा फरक पडत नाही. रेसवर जिवंत होणारा हीटर म्हणजे बहुतेक वेळा पाणी कमी, आणि आत हवा अडकलेली. बऱ्याच गाड्यांत हीटर कोर रेडिएटरपेक्षाही वर बसतो, हवा तिथे जाऊन बसते. आयडलिंगला वॉटर पंप सावकाश फिरतो, त्याला पाणी तेवढं वर ढकलता येत नाही. रेस दिली की थोडं पोहोचतं.

आता पंखा. तुमचा स्विच रेडिएटरच्या वरच्या अंगाला आहे. रेडिएटर वरून रिकामा असेल तर तो स्विच पाण्यात नाही, हवेत आहे. इंजिनवरचा सेन्सर खरं तापमान काट्याला दाखवतोय, आणि स्विचला मात्र काही कळतच नाही. त्यामुळे काटा वर आणि पंखा गप्प. एसीची वायर पंख्याला वेगळ्या वाटेने येते म्हणून एसीवर फिरतो. मला हा एकच बिघाड दिसतो.

तुम्ही म्हणाल बाटली तर भरलेली आहे. ताई, बाटली म्हणजे रेडिएटर नाही. तुमच्या पद्धतीच्या गाडीत दाबाचं झाकण रेडिएटरवर असतं आणि बाटली नुसती बाजूला जोडलेली. पाणी तापून फुगलं की जास्तीचं झाकणातून बाटलीत जातं, निवलं की रेडिएटर ते परत ओढून घेतो. हे येणंजाणं थांबलं तर बाटली मॅक्सवर राहते आणि रेडिएटर रिकामा होत जातो. तुम्ही लिहिलंय की पातळी जराही हललेली नाही. निरोगी गाडीत ती हलायलाच हवी, गरम असताना वर, थंड झाल्यावर खाली.

उद्या पहाटे, गाडी सुरू करण्याआधी, रेडिएटरचं झाकण उघडा. पहाटेच, रात्रभर उभी राहिल्यावर. गरम गाडीचं झाकण फडकं धरूनसुद्धा उघडायचं नाही. दाबाखाली पाणी ११५ अंशांच्या पुढेही उकळत नाही, पण झाकण फिरवल्याबरोबर दाब जातो आणि ते एका क्षणात वाफ होऊन अंगावर येतं. माझ्या उजव्या हाताची मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी त्यात गेली होती. मी तेव्हा शिकाऊ होतो आणि गिऱ्हाईक घाई करत होतं.

पाणी गळ्यापर्यंत दिसलं तर माझं म्हणणं चूक, वायरमनचा स्विच बदला. दिसलं नाही तर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं मिसळून भरा. गाडीचं नाक थोडं उंच राहील अशी उभी करा, हीटरचा खटका पूर्ण गरमवर, झाकण उघडंच ठेवून इंजिन सुरू करा. बुडबुडे येत राहतील आणि पातळी खाली जाईल तसं भरत राहा. वरचा होज मधूनमधून हळूच दाबा. काही गाड्यांना हवा काढायचा छोटा स्क्रू असतो, तुमच्या गाडीला असेल तर त्यातून सलग धार येईपर्यंत सैल ठेवा. पाणी वर यायला लागलं की झाकण लावून टाका.

आणि तोवर एक लक्षात ठेवा. काटा चढलेला आणि हीटर पूर्ण वर असूनही हवा थंड, असं दिसलं तर गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. पुढच्या वळणापर्यंत नेऊ म्हणू नका. इंजिनचं हेड (वरचा भाग) वाकायला तेवढा वेळ पुरतो.

लांबचा प्रवासी
मधेच विचारतो, माझं उलटं आहे. चावी काढली तरी पंखा ५-६ मिनिटं फिरत राहतो. बॅटरी उतरेल का?

वायरमन
गरम गाडी बंद केल्यावर थोडा वेळ फिरणं बऱ्याच गाड्यांत ठरवूनच केलेलं असतं. थंड इंजिनवर, चावी ऑन केल्याकेल्या पंखा जोरात फिरत असेल तर मात्र बघा. सेन्सरची वायर तुटली की ईसीयू धोका नको म्हणून पंखा सतत चालू ठेवतो. किंवा रिलेचे पॉइंट चिकटलेत. रिले काढल्यावर पंखा थांबला आणि दुसरा रिले बसवल्यावर नीट वागला, तर पहिला रिले चिकटला होता.

पहाटपाळी
जुना पाना, आज पहाटे ४ वाजता टॉर्च घेऊन झाकण उघडलं. आत पाणी दिसलंच नाही, नुसत्या जाळीच्या नळ्या दिसत होत्या.

ग्लोव्ह बॉक्समध्ये बाबांची वही आहे, त्यात त्यांनी प्रत्येक सर्व्हिस लिहून ठेवलीय. कूलंट एकूण ५.१ लिटर असं त्यांच्या अक्षरात आहे. मी मोजपात्राने भरत गेले, १.६ लिटर मावलं! म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश गाडी कोरडी चालली होती. एक मोठा बुडबुडा आला तेव्हा पातळी एकदम वीतभर खाली गेली, तो बहुतेक हीटरमधला असावा.

झाकण लावून काट्याकडे बघत बसले. सुरू केल्यापासून १७व्या मिनिटाला पंखा स्वतःहून चालू झाला, एसी बंद असताना. दीड-दोन मिनिटांनी थांबला, पुन्हा लागला. काटा मध्यावरच. आणि हीटर उभ्या गाडीतही इतका गरम की कमी करावा लागला. वायरमन, तुमच्या चाचणीमुळे मोटर वाचली, तुमचेही मनापासून आभार.

आता गाडी नीट झाली असं समजू का?

जुना पाना
नाही. १.६ लिटर गेलं कुठे ते सापडेपर्यंत नाही. बंद चक्रातलं पाणी वाळून जात नाही, त्याला बाहेर पडायला कुठूनतरी रस्ता लागतो. थर्मोस्टॅट बदलताना हवा न काढता तसंच दिलं असेल तर थोडं कमी राहिलं असेल, पण एवढं नाही.

दोनदा लाल पट्टीजवळ गेली होती, म्हणून हेड गॅस्केट (हेड आणि इंजिनचा खालचा भाग यांच्यामधलं सील) आधी बघा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय आहे का? इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो का? बाटलीत सतत बुडबुडे? पुढच्या सीटच्या पायाशी गालिचा ओला, काचेवर चिकट वाफ असेल तर हीटर कोर गळतोय.

काही नसेल तर बाटलीवर मार्करने रेघ मारा. गाडी गरम करून आणा, लगेच दुसरी रेघ. सकाळी थंड झाल्यावर पुन्हा बघा.

पहाटपाळी
ऑइल स्वच्छ, धूर नाही, गालिचा कोरडा. बाटलीतली पातळी रात्री १२ मिलिमीटर वर गेली होती आणि सकाळी तिथेच होती, परत खाली आलीच नाही. झाकण उघडलं तर रेडिएटरमध्ये पाणी बोटभर कमी.

मग रेडिएटरच्या गळ्यापासून बाटलीपर्यंत जाणारी बारीक रबरी नळी बोटांनी चाचपत गेले. क्लिपच्या मागे, खालच्या बाजूने, नखाएवढी चीर. वरून दिसतच नव्हती. तिच्याखाली रेडिएटरवर पांढरट-हिरव्या वाळलेल्या रेषा आहेत.

जुना पाना
सापडलं. तापल्यावर पाणी त्या चिरेतून थोडं बाहेर, थोडं बाटलीत. निवताना रेडिएटर ओढतो ते बाटलीतलं पाणी नाही, चिरेतून हवा. रोज थोडी थोडी. नळी पूर्ण बदला, टेप गुंडाळू नका. झाकणही नवीन घ्या, जुन्यावर जेवढा आकडा छापलाय तेवढ्याच दाबाचं. १४ वर्षांच्या झाकणाचं रबर बघा, कडक आणि चपटं झालेलं असेल.

पहाटपाळी
नळी आणि झाकण दोन्ही बदललं. ३ दिवस झाले. बाटली रात्री वर जाते, सकाळी पहिल्या रेघेवर परत येते. आज काच ६ मिनिटांत स्वच्छ झाली. डॅशबोर्ड खोलायचं रद्द केलं. बाबांच्या वहीत तारीख टाकून लिहून ठेवलंय, ओव्हरफ्लोची नळी, मागच्या बाजूने चीर, १.६ लिटर. रविवारी थंड इंजिनवर झाकण उघडून पुन्हा एकदा बघते आणि इथे कळवते.