जुनी अमेरिकी एफ-१६ लढाऊ विमानं स्वस्तात मिळत असताना तेजससारखी नवीन हलकी विमानं कोण घेणार?

कुपवाड_सीएनसी:
कुपवाड एमआयडीसीत माझी दोन सीएनसी मशिनं आहेत. आजवर पंपाचे आणि ट्रॅक्टरचे पार्ट केले. आता विमानाच्या कामासाठी एएस ९१००, म्हणजे विमान उद्योगाचं गुणवत्तेचं प्रमाणपत्र, घ्यायचं मनात आहे. आपल्या हवाई दलानं २०२१ मध्ये ८३ आणि २०२५ मध्ये ९७ तेजस मार्क १ए मागवली, म्हणजे काही वर्षं काम आहे. पण माझं कर्ज लांब मुदतीचं. पुढं निर्यात होणार का? अर्जेंटिनानं २०२४ मध्ये डेन्मार्कची वापरलेली २४ एफ-१६ घेतली, रोमानियानं नॉर्वेची ३२. धास्ती वाटते.

अपशिंगेकर:
मी हवाई दलात एअरफ्रेमवर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याच्या कामावर होतो. जुन्या विमानाची खरी किंमत हँगरमध्ये कळते. रिव्हेट काढून पत्रा उचलला की आत पांढरी भुकटी दिसते. ॲल्युमिनियम खाल्लेलं असतं. एका जागी सापडलं की आरसा आणि टॉर्च घेऊन सगळा पंख तपासायचा, आणि विमान महिनोन्‌महिने उभं. त्यात कारखाना बंद झाला असेल तर सुटा भाग आणायचा कुठून? आपल्या हवाई दलाच्या जुन्या जग्वार विमानांसाठी आपण फ्रान्स-ओमानची जुनी विमानं शेवटी पार्टांसाठीच मिळवली. एफ-१६ चं तसं नाही. ते आजही नवीन बनतं, जगभर पार्ट मिळतात. म्हणून ते खपतं. प्रत्येक जुनं विमान खपत नाही.

मला काळजी दुसरीच आहे. मलेशियानं २०२३ मध्ये तेजस सोडून दक्षिण कोरियाची १८ एफए-५० हलकी लढाऊ विमानं घेतली, तीही कोरी करकरीत. पोलंडनं सप्टेंबर २०२२ ला करार केला आणि पहिली १२ एफए-५० त्यांना २०२३ संपायच्या आत मिळाली. आपल्या ८३ मधली विमानं २०२४ च्या सुरुवातीपासून यायची होती. या ८३ साठी मागवलेल्या ९९ इंजिनांतलं पहिलं आलं मार्च २०२५ मध्ये. गिऱ्हाईक तारीख बघतं हो. वेळेवर दिलं तर तेजस विकलं जाईल, हे मी मनापासून सांगतो.

मिरजकर_७:
अर्जेंटिनाचं गणित वेगळं. तेजसची इजेक्शन सीट (संकटात वैमानिकाला बाहेर फेकणारी खुर्ची) ब्रिटनच्या मार्टिन-बेकर कंपनीची, आणि दोघांच्यातल्या १९८२ च्या फॉकलंड युद्धापासून ब्रिटन अर्जेंटिनाच्या शस्त्रखरेदीत आडवा येतो. तिथं किंमत दुय्यम होती.

कुपवाड_सीएनसी:
अपशिंगेकर काका, म्हणजे निर्यात धरू नको, घरच्या १८० वर हिशोब मांड, असंच ना? आणि पाच अक्षांचं मशीन आत्ताच घेऊ का?

अपशिंगेकर:
हो, १८० वरच मांडा. मशीन थांबू दे. साध्या ब्रॅकेटला तीन अक्ष पुरतात. आधी मोजमापाची खोली एसी करून घ्या, आणि धातूचा बार कापला की प्रत्येक तुकड्यावर हीट नंबर (तो धातू कुठल्या ओतणीतला ते सांगणारा नंबर) लिहायची सवय पोरांना आजपासून लावा. तो नंबर पुसला गेला तर पार्ट कितीही सुबक असो, भंगारात जातो.