धुक्यात गाडी चालवताना तुमची कधी तंतरली आहे का? (अनुभव येऊ द्या)

निवांतमामी
भाचा गाडी घेतोय. शोरूमवाला म्हणाला, या मॉडेलला फॉग लॅम्प नाहीत, वरच्याला आहेत. भाचा म्हणे, "मामी, आपल्याला कुठे लागतात?" मला एकदम आंबोली आठवली.

जुलै महिना, सावंतवाडीहून बेळगावला निघालो होतो. घाट चढलो आणि ढग रस्त्यावरच उतरले. यांनी घाबरून अप्पर मारला, तर समोर पांढरी भिंत! बॉनेटसुद्धा दिसेना. मी खिडकीतून मुंडकं बाहेर काढून पांढरा पट्टा सांगत होते, "डावीकडे, अजून डावीकडे, अहो गटार!" तेवढ्यात एक एसटी पुढे गेली. देवच भेटला म्हणून तिचे लाल दिवे धरून मागे मागे गेलो. अर्ध्या तासाने एसटी थांबली, आम्हीही थांबलो. बघतो तर देऊळ, कोंबड्या, अंगणं. चौकुळच्या वस्तीची गाडी होती ती! ड्रायव्हर उतरून म्हणाला, "काय वो, वस्तीक इलात?"

तुमचेही लिहा.

भजीप्रेमी
😂😂 वस्तीक इलात! मग राहिलात का?

निवांतमामी
चहा पिऊन परत फिरलो. तोवर जरा उघडलं होतं.

गिअर_पाचवा
मामी, अप्पर मारलात तिथेच चुकलं. तो उजेड वर जातो, धुक्याच्या थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. फॉग लॅम्प बंपरमध्ये खाली असतात ते त्यासाठीच. उजेड आडवा पसरतो, वर चढतच नाही. त्यामुळे पट्टा आणि कठडा तेवढे दिसतात. लांबचं त्यांनीही दिसत नाही, लोकांना वाटतं दिसतं. लोअर + फॉग लावून वीस-तीसने चालायचं.

टेम्पोवाल्याची_लेक
आमचे बाबा हेडलाइटला पिवळा जिलेटिन कागद चिकटवायचे. कुंभार्ली उतरून चिपळूणला माल टाकायचे. म्हणायचे, पिवळा उजेड धुकं फाडतो.

गिअर_पाचवा
ताई, बाबांचा अनुभव मोठा, पण फाडत वगैरे नाही. धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की पिवळा काय, पांढरा काय, सगळा सारखाच उधळतात. डोळ्याला कमी टोचतो असं म्हणतात, एवढंच. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत हेडलाइटच पिवळे लावायची सक्ती होती.

टेम्पोवाल्याची_लेक
बाबा असते तर वाद घातला असता तुमच्याशी 🙂 तीस वर्षांत एक ओरखडा नाही गाडीला.

सह्याद्रीभटक्या
माळशेज, बाइक. हेल्मेटची काच बाहेरून ओली, आतून वाफ. वर केली तर डोळ्यात पाणी. पुढचं विचारू नका.

कोथरूडकर_काकू
आमची गंमत वेगळीच. ताम्हिणीत "केवढं धुकं, केवढं धुकं" म्हणत दहाच्या स्पीडने चाललो होतो. मागची पोरं फोटोसाठी काच खाली करून ओरडली, "आई, बाहेर काहीच नाहीये!" काचेवर आतून वाफ धरली होती 🤦‍♀️ एसी लावून हवा काचेवर सोडली, दोन मिनिटांत लख्ख.

भजीप्रेमी
काकू 🙏 पूर्वी वायपर बंद पडला की काचेवर तंबाखू चोळायचे, आठवतंय का कुणाला?

सह्याद्रीभटक्या
आमच्याकडे बटाटा.

भजीप्रेमी
बटाट्याची भजी करायची सोडून??

राइनकाठी
जर्मनीत मागे एक लाल फॉग लाइट असतो, फार झगझगीत. ५० मीटरपलीकडचं दिसत नसेल तरच लावायचा आणि मग वेगही ५० च्या आतच. निवळलं की लगेच बंद. पुण्यात आले तर एक जण चांदण्या रात्री तोच लावून माझ्यापुढे चाललेला. डोळे गेले.

यमुनापार_मराठी
आमच्या इकडे डिसेंबर-जानेवारीत घाटबीट काही नाही, सपाट रस्ता, आणि तरी हात पुढे केला तर बोटं दिसत नाहीत. यमुना एक्स्प्रेसवेवर हिवाळ्यात वेगमर्यादा १०० वरून ७५ वर आणतात. खरं तर ७५ सुद्धा फार. मला सर्वात जास्त भीती चारही इंडिकेटर लावून पळणाऱ्यांची वाटते. उभा आहे की चालतोय तेच कळत नाही, आणि वळणार असला तरी समजायला मार्ग नाही. एकदा असाच एक खरोखरच मधल्या लेनमध्ये उभा होता. मी "चालतोय" समजलो. ब्रेक लागला. बायको नंतर मथुरा येईपर्यंत बोलली नाही.

कोथरूडकर_काकू
बापरे. सांभाळून हो भाऊ.

मोगरा७
कुणी सावंतवाडीला जातंय का या महिन्यात? खाजं हवं होतं.

भजीप्रेमी
मामी, भाच्याचं काय झालं शेवटी?

निवांतमामी
घेतली खालच्याच मॉडेलची. उरलेल्या पैशात मोठे स्पीकर बसवलेत. यांचं म्हणणं, बरंय, एसटी दिसली नाही तरी पोराला हॉर्न तरी ऐकू यायला हवा होता, आता तोही गेला.