पोरांना दारू विकणाऱ्या दुकानाच्या परवान्याचं दरवर्षी आपोआप नूतनीकरण का व्हावं?

होटगीरोडकर

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याला रात्री साडेअकराला दवाखान्यात न्यावं लागलं. अकरावीत आहे, नुकती सोळा पूर्ण झाली. मित्राचा वाढदिवस होता, चौघांनी पैसे काढून हाफ आणली. आणली सोलापुरातल्या आमच्याच रस्त्यावरच्या वाईन शॉपमधून, अंगात कॉलेजचा शर्ट आणि गळ्यात ओळखपत्र असताना. पोरगं आता बरं आहे. पण त्या रात्री बहिणीचा चेहरा बघितलाय, तो विसरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुकानासमोरच्या पानटपरीवर तासभर उभा राहिलो. दुकानाला लोखंडी जाळी आहे, मध्ये वीतभर खिडकी, तीही छातीच्या उंचीला. आतल्या माणसाला फक्त हात दिसतो. हातात नोट, आतून कागदात गुंडाळलेली बाटली, हात मागे, की पुढचा हात. त्या तासात एकालाही कोणी वय विचारलं नाही. चेहराच दिसत नाही तर विचारणार कोणाला?

कायदा कमी पडतो असं नाही. महाराष्ट्रात बिअर आणि वाईनला २१ वर्षं, बाकी दारूला २५. अठराच्या आतल्या मुलाला दारू दिली तर बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. शिवाय अटी मोडल्या तर परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाच्या कलम ५४ मध्ये आहे. मी चौकशीला गेलो तर एकानं शांतपणे सांगितलं, "तक्रार द्या, प्रकरण होईल, पैसे भरून मिटेल."

माझं म्हणणं एवढंच आहे. परवाना एका वर्षाचा असतो, ३१ मार्चला संपतो. अल्पवयीन मुलाला विकल्याची एक जरी नोंद असेल, तर आजूबाजूच्या लोकांना बोलावून सुनावणी घेतल्याशिवाय नूतनीकरण होऊ नये. दुसऱ्यांदा सापडलं तर नूतनीकरण नाहीच. पटत नसेल तर का नाही ते सांगा.

काउंटरमागचा

भाचा बरा आहे हे वाचून बरं वाटलं. पण तुम्ही जाळीच्या बाहेर उभे होता, मी सहा वर्षं आत होतो. सोलापुरातच, दुकानाचं नाव सांगत नाही.

शनिवारी रात्री आठला त्या खिडकीत एका वेळी सात-आठ हात असतात. एकाला परत पाठवला तर मागचे ओरडतात, आणि तो पोरगा दहा पावलांवर कोणातरी काकाला पन्नास रुपये देऊन तीच बाटली घेतो. मालक रात्री गल्ला मोजतो, मी किती जणांना परत पाठवलं ते मोजत नाही. परमिटचंही ऐका. कायद्यानं पिणाऱ्याकडे परमिट लागतं, विदेशी दारूला एका दिवसाचं पाच रुपयांचं. शटर ओढल्यावर आम्ही ती पुस्तकं भरत बसायचो. नावं मनातली, वयं मनातली. हे आम्हाला माहीत, मालकाला माहीत, तपासायला येणाऱ्यालाही माहीत.

उद्या परवाना रद्द झाला तर आत काम करणारी सहा पोरं घरी बसतील. मालकाचं दुसरं काहीतरी चालूच असतं.

साखरपेठ_२३

माझं वय नावातच आहे. १८ ला मत देतो, २१ ला लग्न करू शकतो, पण क्वार्टर घ्यायला २५ पाहिजे. म्हणजे आज माझ्या कंपनीतले निम्मे लोक गुन्हेगार. जो नियम अख्खं गाव मोडतं, त्याच्यावर परवाने रद्द करायला निघालात तर सोलापुरात एक दुकान उरणार नाही. आधी वय २१ करा, मग कडक व्हा. नाहीतर हे नुसतं हप्ता वाढवायचं साधन होईल बघा.

होटगीरोडकर

साखरपेठ, २३ वर्षांच्या माणसासाठी मी धागा काढलेला नाही. मी सोळाच्या पोराबद्दल बोलतोय.

पण तुमच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे, ती मला सुचली नव्हती. २५ ची अट कोणीच पाळत नाही म्हणून काउंटरवर वय बघायची सवयच उरली नाही, आणि त्यात सोळाचंही सुटतं. तेव्हा माझी मागणी बदलतो. सुनावणी आणि नूतनीकरण रोखणं हे फक्त १८ च्या आतल्या विक्रीसाठी ठेवा. २१ का २५ हा वाद वेगळा घालू.

काउंटरमागचा, तुम्ही जे सांगितलंत तेच माझं कारण आहे. पगारी माणसावर गुन्हा दाखल होतो आणि मालक सुटतो. परवाना मालकाच्या नावावर आहे, म्हणून धक्का परवान्याला बसला पाहिजे. सत्तरच्या दशकापासून वाईन शॉपचे नवे परवाने जवळजवळ दिलेच नाहीत, त्यामुळे जुन्या परवान्याला सोन्याचा भाव आहे. तो जाईल म्हटल्यावर मालक स्वतः खिडकीत येऊन उभा राहील.

कोर्टाच्या_आवारातून

वकिली करतो म्हणून दोन गोष्टी. दारूचा धंदा हा मूलभूत हक्क नाही, हे खोडे डिस्टिलरीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नव्वदच्या दशकातच स्पष्ट केलंय. "आमचा धंदा बुडतो" एवढ्यावर कोणाला परवाना मागता येत नाही.

पण "नूतनीकरण नाहीच" हे कागदावर जोरदार आणि प्रत्यक्षात लंगडं आहे. जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश झाला की आयुक्तांकडे अपील, तिथून शासनाकडे, मग उच्च न्यायालय. मध्ये स्थगिती मिळाली की दुकान चालूच. त्यापेक्षा पहिल्याच नोंदीला पंधरा दिवस निलंबन, आणि ते ३१ डिसेंबरच्या आठवड्यात. अपिलाची तारीख पडेपर्यंत शिक्षा भोगून झालेली असते. मालकाला हे दंडापेक्षा फार जास्त लागतं.

आणि पुरावा? पोराच्या तोंडाला वास आला, हा विक्रीचा पुरावा नाही. त्या रात्रीचं दुकानातलं कॅमेऱ्याचं चित्रण लगेच मागवायला हवं होतं, जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं.

तांड्याकडचा

सगळे वाईन शॉपवर बोलताय. सोलापूरच्या पोरांना दारू फक्त तिथं मिळते का? हातभट्टीची पिशवी वय विचारत नाही, भाव पण कमी. परवान्याच्या दुकानात निदान बाटलीवर शिक्का असतो. २०१५ ला मुंबईच्या मालवणीत विषारी दारूनं शंभरच्या वर माणसं गेली, ती काही वाईन शॉपची नव्हती. चंद्रपूरला २०१५ ला बंदी केली, २०२१ ला उठवावी लागली. तुम्ही एक खिडकी बंद कराल, पोरगं हातभट्टीच्या तांड्याच्या वाटेला लागेल.

घरकुलची_लेक

मी विडी कामगाराची मुलगी, कुंभारीकडे राहते. दादा, हातभट्टीचं तुम्ही म्हणता ते खरं, पण त्यावर हात टेकायची गरज नाही. २०२१ ला ग्रामीण पोलिसांनी तेजस्वी सातपुते मॅडम अधीक्षक असताना 'ऑपरेशन परिवर्तन' केलं. नुसत्या भट्ट्या फोडल्या नाहीत, मुळेगाव तांड्यासारख्या ठिकाणी लोकांना दुसऱ्या कामाला लावायला बसले. म्हणजे मनावर घेतलं तर होतं. तिकडं चालू आहे म्हणून इकडचं सोडा, हे मला पटत नाही.

आमच्याकडं बायका म्हणतात बाटली आडवी करा, म्हणजे मतदान घेऊन दुकान बंद करा. २००८ च्या नियमाप्रमाणं वॉर्डातही मतदान होतं, पण आलेल्या मतांच्या निम्मी चालत नाहीत, यादीतल्या एकूण बायकांच्या निम्म्याहून जास्त लागतात. आई म्हणते, एक दिवस मतदानाला गेलं की त्या दिवसाच्या हजार विड्या राहिल्या. हजार विड्यांवर मजुरी. यादीत नाव असलेल्या कितीतरी बायका भाड्याचं घर बदलून दुसरीकडं गेलेल्या. त्या कुठून आणायच्या? म्हणून मला होटगीरोडकर दादांची सुनावणी बरी वाटते. एक दुकान, एक तक्रार, आजूबाजूची वीस माणसं. सगळा वॉर्ड उठवायला नको. फक्त सुनावणी संध्याकाळी ठेवा, विड्या देऊन आल्यावर.

काउंटरमागचा

ताई, तुमच्या आईचं ऐकून गप्प बसलो. माझी आई पण विड्याच वळायची.

तरी माझा विरोध कायम आहे. शेजाऱ्यांना सुनावणीला बोलावलं तर तिथं पोरांचा विषय राहणार नाही. कोणाला पार्किंगचा राग असेल, कोणाला मालकाच्या जातीचा, कोण शेजारच्या दुकानदाराचा माणूस असेल. शेजाऱ्याच्या तोंडावर परवाना नको. माणूस बोलतो ते बदलतो, चित्रण बदलत नाही. ती जाळी आम्ही चोरांसाठी लावली होती, ती काढायला कोणी तयार होणार नाही. पण खिडकी चेहऱ्याच्या उंचीला घ्या, बाहेर कॅमेरा लावा, रेकॉर्डिंग तीन महिने ठेवायची अट परवान्यातच टाका. आत उभ्या असलेल्या पोराला तेव्हा मालकाला सांगता येईल, "साहेब, कॅमेऱ्यात येतंय, मी देत नाही." आज त्याच्याकडे सांगायला काहीच नाही.

साखरपेठ_२३

ही खिडकीची गोष्ट मला चालेल. माझं ओळखपत्र बघितलं तरी हरकत नाही.

पार्कचौकातली_शिक्षिका

पुण्यात १९ मे २०२४ ला कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलानं गाडीखाली दोन जणांना मारलं. तो आधी पबमध्ये बसून आला होता, असं पोलिसांनी सांगितल्यावर ते पब बंद झाले, भराभर तपासण्या झाल्या. तपासायला माणसं होती, अधिकार होते. दोन जीव जाईपर्यंत मुहूर्त नव्हता. माझ्या वर्गात साठ मुलं आहेत. सोमवारी सकाळी कोणती दोन-तीन डोळे चोरतात ते मला कळतं. कुठून आणली हे विचारलं तर तीच दोन दुकानांची नावं येतात, गेली तीन वर्षं. हे कोणाला सांगायचं, तेवढं मला कोणी सांगा.

होटगीरोडकर

बाई, जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी द्यायचं आणि राज्य उत्पादन शुल्कच्या अधीक्षकांना प्रत. मुलांची नावं अजिबात नकोत, फक्त दुकान, वार, वेळ.

वकीलसाहेबांचं निलंबन आणि काउंटरमागचा यांची खिडकी अर्जात घालतोय. शेजाऱ्यांच्या सुनावणीवर काउंटरमागचा यांचं म्हणणं पटलं नाही, पण भीती समजली, म्हणून सुनावणीत फक्त अल्पवयीन विक्रीबद्दलच बोलता येईल असं लिहितो. ताईंच्या सांगण्यावरून वेळ संध्याकाळची. मार्चमध्ये नूतनीकरणाच्या फायली फिरायला लागतील, त्याच्या आत अर्ज पोचला पाहिजे. रविवारी सकाळी दहाला सात रस्त्याला कागद घेऊन थांबतो. बहीण येणार आहे. भाचा म्हणतो, मी पण येतो, सही करतो. त्याची सही चालत नाही म्हटलं, पण ये.