भाकरीच्या कॅलरी नक्की किती धरायच्या?

विश्रामबागचा_मास्तर:
वय ५२, उंची १६८, वजन ८४. डॉक्टरांनी आठ किलो उतरवायला सांगितलंय. मुलीनं मोबाईलवर अ‍ॅप टाकून दिलं आणि डोक्याला ताप झाला. नुसतं पडून राहिलो तरी म्हणे १६३५ कॅलरी लागतात. ‘बैठं काम’ निवडलं की १९६२, ‘मध्यम हालचाल’ निवडलं की २५३४. मी दिवसभर फळ्यासमोर उभा असतो, मग मी कुठल्या खान्यात?

ज्वारीची भाकरी एकीकडे ९० दाखवते, दुसरीकडे २१०. शेवटी भाकरीच काट्यावर ठेवली. १३० ग्रॅम भरली. ‘ज्वारी, १०० ग्रॅम, ३३४’ या हिशेबानं ४३४ झाल्या! बायको म्हणाली, आता आकडेच वाढते ताटात.

मिरजेची_वहिनी:
मास्तर, गणित बरोबर, वजन चुकीचं. ३३४ हा कोरड्या ज्वारीचा आकडा आणि तुम्ही तोललीत भाजलेली भाकरी, पाण्यासकट. पीठ परातीत घ्यायच्या आधी मोजा. माझ्या भाकरीला ८० ग्रॅम लागतं, म्हणजे २६७. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०१७ चा तक्ता आहे, ५२८ पदार्थांचा, पण जवळजवळ सगळा कच्चा माल. आमटी-भाकरीचे आकडे अ‍ॅपवर कुणीही भरतं. कुणाची भाकरी पापडाएवढी, कुणाची तव्याएवढी.

आणि भाकरीच्या मागं काय लागलाय? तेलाची किटली सोमवारी तोला, पुढच्या सोमवारी परत. मधे ओतलेलं तेवढं लिहून ठेवा. तेल ग्रॅमला ९ कॅलरी.

हालचालीचं म्हणाल तर बैठं काम धरा आणि दोन आठवडे वजन बघा. तो नुसता अंदाज असतो, काटा खरं सांगतो.

पलूसचा_गोठेवाला:
दुधाचं बी बघा मास्तर. अ‍ॅपमधलं दूध बहुतेक गाईचं, १०० ग्रॅमला साठ-सत्तर. आमच्या म्हशीचं शंभराच्या घरात जातंय. डेअरीच्या पावतीवर सकाळी फॅट ६.५, संध्याकाळी ७.२. एकाच म्हशीचं, एकाच दिवशी! तुमचं अ‍ॅप कुठली पावती धरतंय?

अन्नतंत्र_शेवटचं_वर्ष:
मुळात ग्रॅमला कर्बोदकं ४, प्रथिनं ४, स्निग्धांश ९ कॅलरी हे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ अ‍ॅटवॉटर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काढलेले सरासरी आकडे. २०१२ साली अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधकांनी माणसांना बदाम खायला घालून मोजलं, तर २८ ग्रॅमला साधारण १७० ऐवजी १२९ च कॅलरी अंगी लागल्या. नीट न चावलेल्या तुकड्यांतली चरबी तशीच बाहेर पडते. अख्ख्या शेंगदाण्याचंही थोडंफार तसंच. कूट केलं की मात्र बरीचशी पचते. सांगलीत कूट नाही अशी भाजी दाखवा!

विश्रामबागचा_मास्तर:
किटली तोलली. आम्ही चौघं, सात दिवस, ९०० ग्रॅम. माणशी रोज ३२ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ २९० कॅलरी, आख्ख्या भाकरीपेक्षा जास्त. आणि माझ्या अ‍ॅपवर महिनाभर तेलाची एकही नोंद नव्हती.

संध्याकाळचं वाटीभर भडंग मी ‘चुरमुरे’ म्हणून लिहीत होतो, हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.