फौजी अधिकारी, मुलाखत आणि "तुम्हाला पेन्शन आहेच की!"

चाकणकर

मंडळी, मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत गोदाम आणि वाहतूक सांभाळतो. निवृत्त फौजी अधिकारी पुण्यात भरपूर, त्यामुळे त्यांचे अर्ज सतत येतात आणि पॅनेलवर मला बसवतात. शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो: यातल्या बहुतेकांना मुलाखत देता येत नाही, आणि त्यात दोष कंपन्यांचा नाही.

परवा आर्मी सर्व्हिस कोअरचे एक लेफ्टनंट कर्नल आले होते. रसद, इंधन, गाड्या! आमच्या कामाला याहून जवळचा माणूस कुठून आणायचा? विचारलं, "पुरवठादारानं ऐन वेळी हात वर केले असं कधी झालं?" उत्तर आलं, "सोपवलेली प्रत्येक जबाबदारी आमच्या युनिटनं वेळेत पार पाडली." झालं, संपलं उत्तर.

मग मीच खोदत बसलो. लडाखच्या वाटेवरचा झोजिला घाट बर्फानं बंद व्हायच्या आत हिवाळाभराचा शिधा आणि रॉकेल लडाखला चढवून ठेवायचं, हे यांचं काम. एका हंगामात ठेकेदाराचे ट्रक कमी पडले. साहेबांनी चढवायचा क्रमच फिरवला: रॉकेल आणि शिधा आधी, पत्रे-सिमेंट मागे, आणि काही माल मनालीच्या वाटेनं वळवला. अहो, हेच तर आम्हाला ऐकायचं होतं! पण ते चिमट्यानं ओढून काढावं लागलं. पॅनेलवर दुसरा कोणी असता तर पुढच्या प्रश्नावर गेला असता.

शेवटी पगाराची अपेक्षा विचारली, तर म्हणाले, "कंपनीच्या नियमाप्रमाणे." कंपनीत नियम नसतो हो, बोलणी असतात.

संरक्षण मंत्रालयाचं पुनर्वसन महासंचालनालय, ज्याला सगळे डीजीआर म्हणतात, अधिकाऱ्यांना आयआयएममध्ये 24 आठवड्यांच्या कोर्सला पाठवतं, फीचा मोठा वाटाही उचलतं. तिथं ताळेबंद शिकवतात, पण स्वतःबद्दल बोलायला कोणी शिकवत नाही असं दिसतं.

निवृत्त_पायदळ

चाकणकर साहेब, मी स्वतः निवृत्त कर्नल. तुमचा सूर आवडला नाही, पण मुद्द्यावर येतो.

आम्ही कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळण्याआधीच पाच दिवसांची एसएसबी, म्हणजे निवड मंडळाची परीक्षा, देऊन आलेलो असतो. मानसशास्त्रज्ञ वेगळा, मैदानावर गटाची परीक्षा घेणारा जीटीओ वेगळा, मुलाखत घेणारा वेगळा. तीन माणसं तीन बाजूंनी तपासतात. तुमच्याकडे तीस-पस्तीस मिनिटांत एक जण सीव्ही वरवर चाळत प्रश्न विचारतो, मध्येच फोन घेतो. आणि कौशल्य कमी कुणाचं, तर आमचं!

अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये "मी केलं, मी केलं" करणाऱ्याला कोणी दुसऱ्यांदा पाणी विचारत नाही. वीस-पंचवीस वर्षं ज्या सवयीचं कौतुक झालं, ती टाय बदलल्यावर जाणार आहे का? शिवाय काय बोलायचं आणि काय नाही, याचं बंधन असतं. युनिट कुठे होतं, त्यात माणसं किती होती, हे मी तुमच्या एचआरला का सांगू?

आणि एक राहिलं. कसाही बोलला तरी शेवटी देता काय? गेट, गार्ड आणि कँटीन. "हेड, अॅडमिन अँड सिक्युरिटी." त्यावर वर "सर, तुम्हाला पेन्शन आहेच की." माझी पेन्शन ही माझ्या झालेल्या नोकरीची आहे. तुमच्या कंपनीला दिलेलं अनुदान नाही ते.

एचआरवाली

कर्नलसाहेब, ते पेन्शनचं वाक्य आमच्या लाइनीत सर्रास बोललं जातं, नाकारत नाही. पण त्यामागचं गणितही ऐका. माझ्याकडे पदाला बजेट असतं. समोरचा "नियमाप्रमाणे" म्हणाला की बजेटच्या तळाचा आकडा जातो. त्याच पदाला खासगीतून आलेला माणूस दोन ऑफर लेटर टेबलावर ठेवतो आणि वरचा आकडा घेऊन जातो. यात कुणाचा अपमान नाही, विचारलं नाही म्हणून मिळालं नाही.

गोपनीयतेचं कारण मला पटत नाही. ठिकाण आणि संख्या कोणी मागतच नाही. "वाहनं नादुरुस्त पडून राहायचं प्रमाण निम्म्यावर आणलं, त्यासाठी सुट्या भागांची मागणी दोन महिने आधी नोंदवायला लागलो," यात कुठलं गुपित फुटलं?

चाकणकर, तुमच्याशीही पूर्ण सहमत नाही. तुम्ही खोदलंत म्हणून माणूस कळला. खोदणं हे पॅनेलचं काम आहे, उपकार नव्हेत.

माजी_मेजर

सगळे पेन्शनवर बोलताय म्हणून लिहिते. मी शॉर्ट सर्व्हिसवाली, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नोकरीवरची, दहा वर्षांनी बाहेर पडले. अधिकाऱ्याला पेन्शनसाठी वीस वर्षांची नोकरी लागते. आम्हाला ग्रॅच्युइटी मिळते, पेन्शन नाही. तरी एका मुलाखतीत मला तेच ऐकवलं. मी म्हटलं, "सर, मला पेन्शन नाही." समोरच्या गृहस्थांना खरंच माहीत नव्हतं! म्हणजे चौपन्नाव्या वर्षी निवृत्त झालेले कर्नल आणि तिशीतली मी, दोघांना एकाच मापानं मोजत होते.

कर्नल सर, तुमचा राग समजतो, पण तरुण अधिकाऱ्यांना तो उपयोगाचा नाही. त्यांना आकडा काढता आला पाहिजे. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मेजरचं मूळ वेतन 69,400 पासून सुरू होतं, वर 15,500 मिलिटरी सर्व्हिस पे आणि महागाई भत्ता. लोक एवढंच धरून "यापेक्षा थोडं जास्त" मागतात आणि फसतात. क्वार्टर गेलं, आता पुण्यात भाडं भरा. मिलिटरी हॉस्पिटल होतं, आता विमा काढा. कँटीन, सरकारी खर्चानं प्रवासाची वॉरंट, मुलांची शाळा, हे सगळं रुपयांत लिहून काढलं तेव्हा माझा आकडा आधी मनात होता त्यापेक्षा बराच वर गेला. आणि तो मी सांगितला. आवाज जरा चिरकला, पण सांगितला.

उत्तरांच्या बाबतीत बाहेरचे शिकवणीवाले "स्टार पद्धत" म्हणून जे विकतात (परिस्थिती, काम, कृती, निकाल) ते आपल्याला नवं नाही. आपण अकादमीपासून अॅप्रिसिएशन, म्हणजे परिस्थितीचा लेखी आढावा, लिहितो: उद्दिष्ट, घटक, खुले पर्याय, निवडलेला पर्याय, योजना. मुलाखतीत फक्त "खुले पर्याय" मोठ्यानं बोलायचे. समोर दोन वाटा होत्या, ही टाकली, ती घेतली, का घेतली. मला दुसरं काही करावं लागलं नाही.

साधा_इंजिनिअर

माफ करा, पण इथं सगळे धरूनच चाललेत की अधिकारी लायक आहे आणि फक्त बोलण्यात कमी पडतो. आम्ही पंधरा वर्षं शॉप फ्लोअरवर घासली, आमच्या डोक्यावर थेट जनरल मॅनेजर म्हणून बसवायचं? नफा-तोटा कधी सांभाळलाय यांनी? सरकारी खात्यात मार्चपर्यंत पैसा खर्च झाला नाही तर तो परत जातो, म्हणून खर्च करायची घाई. आमच्याकडे वाचवला तर शाबासकी. आणि ऑर्डर दिली की जवान ऐकतो. युनियनचा माणूस ऐकतो का?

निवृत्त_पायदळ

नफा-तोट्याचं मान्य. ते शिकावंच लागतं आणि मुलाखतीत "हे मला येत नाही" असं सरळ म्हणावं.

पण "ऑर्डर दिली की ऐकतो" हे सिनेमातलं झालं. सैनिक संमेलनात, म्हणजे युनिटच्या बैठकीत, जवान सगळ्यांसमोर उभा राहतो आणि लंगरच्या, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरातल्या, डाळीपासून नाकारलेल्या रजेपर्यंत तोंडावर विचारतो. रजा का दिली नाही हे त्याला पटवावं लागतं, कारण त्याच रात्री त्याला गस्तीवर पाठवायचं असतं. ना बोनस हातात, ना इन्क्रिमेंट. तुमच्या युनियनसमोर मी फार घाबरेन असं वाटत नाही.

माजी_मेजर

सर, हे जे आत्ता लिहिलंत ना, हेच मुलाखतीत का सांगत नाही कोणी? तिथं "उत्कृष्ट मनुष्यबळ व्यवस्थापन" असं एसीआरच्या, म्हणजे वार्षिक गोपनीय अहवालाच्या, भाषेत सांगतात.

चाकणकर

अगदी हेच म्हणत होतो पहिल्यापासून. एचआरवाली ताईंचा खोदण्याचा टोला स्वीकारतो, पण दिवसाला सहा मुलाखती असतात. प्रत्येकाला खोदत बसलो तर माझं गोदाम कोण बघणार? माहिती देणं हे उमेदवाराचं काम, यावर मी ठाम आहे.

इंजिनिअर साहेब, थेट जीएम करू नये हे बरोबर. पण डेप्युटी म्हणून घ्या म्हटलं तरी तुमचा विरोध असेल, असा मला दाट संशय आहे.

साधा_इंजिनिअर

असेल. डेप्युटी मीच होणार होतो.

निवृत्त_पायदळ

हा प्रामाणिकपणा आवडला.

माझ्या एका कोर्समेटची (अकादमीतला बरोबरीचा) गुरुवारी मुलाखत आहे, तळेगावला. हा धागा त्याला पाठवतोय. बाकी सगळं तो वाचेल, पण पैशाचं बोलणार नाही, लिहून देतो.

एचआरवाली

मग त्यांना एवढंच सांगा. आकडा विचारला की आधी विचारा, फिक्स्ड (ठरलेला) किती आणि व्हेरिएबल (कामगिरीवर बदलणारा) किती. सीटीसीत, म्हणजे कंपनीच्या एकूण खर्चाच्या आकड्यात, ग्रॅच्युइटी आणि पीएफचा कंपनीचा वाटाही धरलेला असतो, म्हणजे हातात येणारी रक्कम वेगळीच. पेन्शनचा विषय निघाला तर "ती या पदाच्या पगारात धरू नका" म्हणायचं आणि गप्प बसायचं. पुढचं वाक्य आमच्याकडून येऊ द्या. आणि हे सगळं सही करायच्या आधी, नंतर आम्ही काही बदलत नाही.