डिपॉझिट कापायचा हक्क कुणी दिला?

मुठेकाठी:
परवा इथे 'माझा फ्लॅट, माझे नियम' असा धागा आला. लेखिकेचं म्हणणं: भाडेकरू घराची वाट लावतात, म्हणून जाताना रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापायचेच. शिवाय घर आपलं, तेव्हा दुसऱ्या किल्लीने कधीही जाऊन बघून यावं. खाली 'अगदी बरोबर'ची रांग. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

डिपॉझिट ही तुमची कमाई नाही, आमचं तारण आहे. भाडं थकलं, वीजबिल राहिलं, बेसिन फुटलं तर जरूर घ्या, पण बिल दाखवून. राहत्या घराचा रंग उतरणारच, त्याचंच तर दरमहा भाडं देतो. आम्ही कोथरूडला होतो तिथे बेडरूमच्या भिंतीत वरच्यांच्या बाथरूमची ओल उतरायची. आधी पिवळा डाग, मग पोपडे, पावसाळ्यात कपाटामागे काळी बुरशी. फोटो पाठवले की उत्तर यायचं, 'सोसायटीशी बोलतो.' घर सोडताना त्याच भिंतीचा रंग आमच्या पैशातून! आणि किल्लीचं म्हणाल तर, बायको एकटी घरात असताना मालक सरळ कुलूप उघडून प्लंबरसकट आत. भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २८ सांगतं की मालकाने आधी कळवून, योग्य वेळी यायचं.

दोन खोल्या:
तो धागा माझाच. तुमची ओल दिसली, आता माझा ओटा बघा. ग्रॅनाइटवर तापलेला कुकर ठेवून तडा, बाथरूमच्या टाइल्सना ड्रिल, मोरी तुंबलेली, वर शेवटच्या महिन्याचं वीजबिल न भरता पोरं पसार. यांच्या पेन्शनमध्ये भागत नाही म्हणून आम्ही ती जागा भाड्याने देतो. तुमच्या तारणात यातलं निम्मंही वसूल झालं नाही. जबाबदारीबद्दल तुम्ही दोन ओळी तरी लिहायच्या होत्या.

कोर्टाची पायरी:
दोघांनीही कायदा अर्धाच धरलाय. पुण्यात आजकाल बहुतेक करार ११ महिन्यांचे लिव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे नुसत्या राहण्याच्या परवानगीचे. त्यात राहणारा कायद्याने भाडेकरू नसतोच, तरी कलम २८ चा आधार त्यालाही आहे. पण रंग, दुरुस्ती, सगळं करारात लिहून घ्यावं लागतं. उलट मुदत संपून जागा सोडली नाही तर कलम २४ खाली दुप्पट दराने भरपाई. पण कलम ५५ मालकांनी वाचावं. करार लेखी आणि नोंदलेला हवा, ती जबाबदारी मालकाची. नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

मुठेकाठी:
म्हणजे २८ आम्हालाही लागू. आणि आमचा करार तर मालकांनी नोंदवलाच नव्हता. '४० टक्के जातील' म्हणाले.

दोन खोल्या:
जातातच! स्वतः राहत असाल तर महापालिका मिळकतकरात ४० टक्के सवलत देते, भाड्याने दिलं की गेली. हा भुर्दंड कुणी सोसायचा?

औंधकर:
२० हजारांच्या भाड्याला ११ महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, म्हणजे सहाशेच्या आसपास, वर शहरात १,००० रुपये नोंदणी. तेवढ्यासाठी कुणी करार टाळत नाही, टाळतात ते या सवलतीसाठीच. स्वतः राहतो म्हणून पीटी-३, म्हणजे सवलतीचा अर्ज, भरायचा आणि भाडं रोखीत घ्यायचं. शहराच्या तिजोरीत खड्डा. मग आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर का, असं विचारायला हेच पुढे.

दोन खोल्या:
मला चोर म्हणताय का तुम्ही? पीटी-३ मी भरलेलाच नाही, पूर्ण कर भरते. आधी माहिती घ्या.

औंधकर:
तुमचं नाव घेतलं नव्हतं. पूर्ण भरत असाल तर शब्द मागे. पण आमच्या सोसायटीत भाड्याच्या फ्लॅट्सचे मालक सवलतही घेतात आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसला की सोसायटी घेते ते) आले की मीटिंगमध्ये आरडाओरडाही करतात. सेवाशुल्काच्या फक्त १० टक्क्यांपर्यंतच घेता येतं, तेही जड होतं.

वाड्यातला:
फ्लॅटवाल्यांनो, नारायण पेठेत या. तळमजल्याच्या बिऱ्हाडाचं भाडं आजही दोन आकडी, तेही मनीऑर्डरने. कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ मिळते, त्यात एक कौलही येत नाही. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते, तेव्हा जिना मी दुरुस्त करायचा. बिऱ्हाडकरूंचे कोथरूड, सिंहगड रोडला फ्लॅट आहेत. हक्कांवर बोलताना आमचं कुणीच का मोजत नाही?

मुठेकाठी:
वाड्यांचा प्रश्न वेगळा, त्यासाठी वेगळा धागा काढा. इथे डिपॉझिटचं चाललंय.

वाड्यातला:
वेगळा कसा? मालकाने दुरुस्ती करायची, हा तुमचाच मुद्दा. कलम १४ मध्ये तेच लिहिलंय: पंधरा दिवसांची नोटीस देऊनही दुरुस्ती झाली नाही तर भाडेकरूने करावी आणि भाड्यातून कापावी, वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंत. माझ्या भाड्याचा चौथा हिस्सा काढून बघा, एक पायरीसुद्धा बसणार नाही त्यात.

दोन खोल्या:
रंगाचं म्हणाल तर, ओलीची भिंत तुमच्या माथी मारायला नको होती. एवढं मान्य. पण ओट्याचा तडा कुणाच्या खात्यात, तेही सांगा.

मुठेकाठी:
तडा त्यांच्या खात्यात, बिल दाखवून पूर्ण रक्कम घ्या. किल्ली देताना प्रत्येक खोलीचे फोटो काढून दोघांनी सही केली असती तर तुम्हालाही मागता आलं असतं, मलाही नाकारता आलं असतं. आणि किल्लीबद्दल तुम्ही अजून काहीच बोलला नाहीत.

दोन खोल्या:
फोन करून जाईन. पण गॅसचा वास आला किंवा पाइप फुटला तर कुणाची वाट बघत बसणार नाही, ते करारात लिहूनच घेणार.