एआय लघुपट : नऊवारीचं सहावारी होतंय, काय करावं?

कोरीपाटी :
तीन मिनिटांचा लघुपट, सगळा एआयवर. नऊवारीतली आजी, नात, वाड्याचं अंगण. दर शॉटला आजीचा चेहरा बदलतो, कासोटा गायब होतो, आणि दुकानाच्या पाटीवर देवनागरीसारखं दिसणारं भलतंच काहीतरी उमटतं. प्रॉम्प्ट (एआयला द्यायची लेखी सूचना) कितीही लांबवला तरी तेच. काय चुकतंय?

फोकसपुलर :
प्रॉम्प्ट लांबवणं हेच. मजकुरातून थेट व्हिडिओ काढू नका. आधी स्थिरचित्र, मग त्याला हालचाल. आजीची समोरून, बाजूने, तिरकी आणि पाठमोरी अशी चार चित्रं करा : साडी एकच, मागे साधा राखाडी रंग, उजेड सपाट. पाठमोरं हवंच, कासोटा तिथेच दिसतो. ते नसलं की मॉडेल अंदाजाने साडी नेसवतं. प्रत्येक शॉटची पहिली फ्रेम या चित्रांवरून बनवा आणि हालचालीसाठी एकच क्रिया सांगा. ‘आजी तांदूळ निवडते’ एवढं पुरे. ‘निवडते, वर बघते, हसते, उठते’ लिहिलंत की मध्येच सुपाचं ताट होतं.

रीळ३५ :
व्हिओ ३ (गूगलचं व्हिडिओ बनवणारं मॉडेल) ची क्लिप ८ सेकंदांची, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगाने १९२ फ्रेम. चेहरा सहसा उत्तरार्धात बदलू लागतो, कामाचे चारेक सेकंद उरतात. म्हणजे १८० सेकंदांना ४५ शॉट; प्रत्येकी ५ टेक धरले तर २२५ क्लिप. क्रेडिटचा (क्लिप बनवायला खर्च होणाऱ्या गुणांचा) हिशेब यावर करा. एका क्लिपची शेवटची फ्रेम पुढचीला जोडत साखळी लावू नका, झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखा चेहरा बिघडत जातो.
पाटी कोरीच ठेवा. रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फ्यूजन विभागात प्लॅनर ट्रॅकर (सपाट पृष्ठाची हालचाल टिपणारं साधन) लावून खरी अक्षरं बसवा. पाटीपुढून कुणाला चालवू नका, नाहीतर फ्रेम-फ्रेम रोटो करत (माणसाची कड हाताने कापत) बसाल.

मीटरगेज :
आवाजाचंही बघा. यंत्राचे बरेच आवाज ‘चूल’, ‘झाड’ यांतले च-झ हिंदी वळणाने काढतात. संवाद माणसाकडून आधी रेकॉर्ड करा, मग लिप-सिंक (त्या आवाजाशी ओठ जुळवणं). प, ब, म ला ओठ मिटतात का तेवढं तपासा, चूक तिथे उघडी पडते.
पुराचं पाणी, जुन्या वाड्यावरचं आभाळ, स्वप्न : इथे एआय छान चालतं. दोघींचं समोरासमोर बोलणं मात्र खऱ्या माणसांवर मोबाइलने घ्या. दर क्लिप सुटी बनते, त्यामुळे १८० अंशांची रेषा (कॅमेरा दोघींच्या एकाच बाजूला ठेवायचा नियम) पाळली जात नाही, नजरा चुकतात. फ्रेम आरशासारखी फ्लिप करून नजर जुळवाल, पण पदर उजव्या खांद्यावर जाईल.

कोरीपाटी :
पाठमोरं चित्र नव्हतंच! आज तेच आधी.